घरी ‘गाडी लेट होती’ सांगून स्टेशनच्या बाकावर बसते. तुम्ही काय करता?

बाकावरची

नमस्कार. सहा-सात वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय किरकोळ आहे, पण गेले चार महिने घरी रोज एक खोटं बोलतेय आणि ते कुणाला तरी सांगायचंय. ओळखीच्या बायकांना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सासूबाईंपर्यंत पोचेल, म्हणून इथे.

मी एका सहकारी बँकेत कॅशला बसते. शाखा दादरला, राहायला बदलापूर पूर्वेला. घरी नवरा, सासूबाई आणि यंदा दहावीला असलेला मुलगा. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत, शिफ्ट बदलती, त्यामुळे आठवड्यातल्या निम्म्या संध्याकाळी तो घरी नसतो, आणि असला तर झोपलेला असतो.

कॅशला बसणं म्हणजे काय ते काचेच्या बाहेरून कळत नाही. नोटा मोजायला मशीन आहे, मान्य. पण मशीनशी कुणी बोलत नाही, माझ्याशी बोलतात. “मॅडम, ही नोट कुणी घेत नाही, बदलून द्या.” “मॅडम, दहाच्या कोऱ्या द्या, आहेराला हव्यात.” “मॅडम, हे माझ्या मागे होते, पुढे कसे गेले?” एक तारखेपासून दहापर्यंत पेन्शनवाले. त्यांच्यावर चिडता येत नाही. माझ्या वडिलांच्या वयाचे असतात, आणि दिवसभरात बोलायला दुसरं कुणी नसतं म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन मला सांगतात हेही कळतं. २०२४च्या ऑगस्टपासून लाडक्या बहिणींचे दीड हजार सुरू झाले, त्याची गर्दी वेगळी. पैसे आलेत का एवढंच विचारायला लेकरू कडेवर घेऊन आलेल्या बाईला ‘तिकडच्या खिडकीत जा’ म्हणताना माझीच जीभ जड होते. आणि हे सगळं चालू असताना एक हात मोजत असतो. शंभर नोटांची गड्डी, दहा गड्ड्यांचं बंडल. पाचशेचं एक बंडल म्हणजे पाच लाख. काउंटर बंद झालं की कॅश जुळवायची. जुळली की दिवस संपला.

जूनमध्ये एका मंगळवारी नाही जुळली. पाच हजार कमी. व्हाऊचरं तीनदा तपासली, ड्रॉवर उपडा केला, कचऱ्याचा डबासुद्धा उलटा केला. कॅमेरा बघितला तर त्यात माझं डोकं दिसतं, हात दिसत नाहीत. शेवटी आमच्याकडे रीत आहे तसे पैसे मी माझे भरले. पाच हजारांनी आमचं घर बुडत नाही. पण डोकं थांबेना. गाडीत उभी राहून मी त्या मंगळवारचा एकेक चेहरा पुढ्यात घेऊन बसायची. हिरव्या साडीतली ती घाईत होती ती? नायलॉनच्या पिशवीवाले आजोबा? कुणीतरी पाचशेच्या दहा नोटांच्या जागी वीस घेऊन गेलंय, आणि कदाचित त्यालाही माहीत नाही.

मग एका रात्री पोळ्या करत होते. दहा पोळ्यांची चळत झाली आणि माझा हात ओट्यावर चाचपडायला लागला. काय शोधतेय मलाच कळेना. मुलगा म्हणाला, “आई, रबरबँड हवंय का?” आणि हसला. खरंच तेच शोधत होते. मी त्याच्यावर अशी ओरडले की सासूबाईंनी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी बदलापूरला उतरले तर पुलावर मुंगीला वाट नव्हती. म्हटलं, जाऊ देत सगळे पुढे. पंख्याखालच्या बाकावर बसले. फोन पर्समध्येच. शेजारी एका बाईने जांभळांची टोपली खाली ठेवलेली, ती उरलेली जांभळं मोजत होती, मी बघत होते. कर्जत गाडी आली आणि गेली. पूल रिकामा झाला तरी मी उठले नाही. घड्याळ बघितलं तर वीस मिनिटं झालेली. त्या रात्री मी घरात कुणावर आवाज चढवला नाही. मुलाने विचारलं, “बरं नाहीये का?”

तेव्हापासून रोज. विचारलं की सांगते, गाडी लेट होती. आमच्या लाईनवर हे कुणाला खोटं वाटत नाही.

कुणी म्हणेल, सव्वा तास गाडीत असतेस की, तिथेच घे विसावा. दादरला संध्याकाळी बदलापूर फास्टमध्ये शिरून बघा एकदा. जागेसाठी रिटर्न मारायचा, म्हणजे आधी उलट्या दिशेने जाऊन तिथूनच बसून यायचं, तर अर्धा तास आणखी जातो. ठाण्यापर्यंत उभी, मग “कल्याण कोण? कल्याण?” करत जागा लावायची, मिळाली तर चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला अर्धवट टेकायचं. आमच्या डब्यातला ग्रुप चांगला आहे, वाढदिवसाला ढोकळा आणतात, कुणी मेथीची जुडी निवडायला घेतली की अर्धी माझ्या ओढणीत टाकतात. पण तिथेही बोलावं लागतं. बाकावर बोलावं लागत नाही.

तर विचारायचं एवढंच : हे चुकतंय का? आणि तुम्ही कामावरून घरी येताना दिवस कुठे उतरवून ठेवता? पहाटे पाचला उठून ध्यान करा असं कृपया लिहू नका. पाचला मी उठलेलीच असते. तीन डबे असतात.

स्पष्ट_बोलतो

चार महिने, म्हणजे सुट्ट्या वजा जाता शंभर दिवस धरा, गुणिले वीस मिनिटं. तेहतीस तास तुम्ही बाकावर बसलात. एवढ्यात एखादा कोर्स झाला असता. गंमत सोडा, पण घरी सांगून टाका ना सरळ. यात लपवण्यासारखं काय आहे?

बाकावरची

‘सांगून टाका’ म्हणणाऱ्यांनी त्यांच्या घरी संध्याकाळचा कुकर कोण लावतं तेवढं सोबत कळवावं.

तिसरी_पाळी

ताई, मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, चौदा वर्षं झाली. रबरबँडचं वाचून हसले आणि मग हसू गेलं. मी एकदा घरी जेवताना नवऱ्याला ‘काका, डावा हात पुढे करा’ म्हटलंय.

मी दोन गोष्टी करते. पहिली : युनिफॉर्म घालून घरी येत नाही. चेंजिंग रूममध्ये गर्दी असली, नळाला पाणी नसलं, तरी कपडे तिथेच बदलते. चपला दारात वेगळ्या. यात जंतूंचा भाग आहेच, पण खरं सांगायचं तर तो पांढरा रंग घरात आला की माझी चालसुद्धा वॉर्डातली होते.

दुसरी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पाच हजारांशी तिचा संबंध आहे. आमच्याकडे पाळी संपली म्हणून कुणी नुसतं निघत नाही. ओव्हर द्यावा लागतो. पुढच्या सिस्टरला घेऊन बेडमागून बेड जायचं : सात नंबर बेडचं सलाईन दहा मिनिटांत संपेल, नऊ नंबरचा रिपोर्ट यायचाय, बाराच्या आजी रात्री उठून चालायला लागतात तर कठडा वर ठेव. ती ‘हां’ म्हणते, वहीत सही करते. त्या सहीनंतर बाराच्या आजी माझ्या नाहीत. कठोर वाटेल, पण तसं नसतं तर चौदा वर्षं झालीच नसती. ज्या दिवशी घाईत ओव्हर नीट देता येत नाही, त्या दिवशी मी घरी पोचून दोनदा वॉर्डात फोन करते.

म्हणून घरीही तेच करायला लागले. जुन्या कॅलेंडरची पानं कापून ठेवलीयेत. बसमधून उतरल्यावर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या पायरीवर बसून मागच्या बाजूला चार ओळी खरडते. काय राहिलं, ते उद्या किती वाजता बघायचं. कागद पर्समध्ये. झालं.

तुमच्या त्या मंगळवारचा ओव्हर कुणी घेतलाच नाही, ताई. पैसे भरून घेतले, पण ‘आता हे तुझं नाही’ असं कुणी म्हटलं नाही.

बाक चुकीचा आहे असं मला अजिबात वाटत नाही. फक्त अंधार लवकर पडायला लागला की जरा उजेडातला बाक निवडा.

श्टुटगार्टकर

मूळचा डोंबिवलीकर, नऊ वर्षं जर्मनीत. तिसरी_पाळी यांनी अनुभवातून जे लिहिलं त्यावर बरंच संशोधन झालंय, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो.

ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये बर्लिनमध्ये केलेले प्रयोग छापले. लोकांना छोटी छोटी कामं दिली, काही मध्येच तोडली. नंतर विचारलं तर तोडलेली कामं जास्त आठवत होती. पुढच्या प्रयोगांत दर वेळी तसंच दिसलं असं नाही, त्यामुळे दगडावरची रेघ समजू नका. पण अर्धवट राहिलेलं काम मनात पुन्हा पुन्हा डोकं वर काढतं हे आपण सगळेच जाणतो. २०११ मध्ये मासिकँपो आणि बाउमायस्टर या दोघांना आणखी एक मजेची गोष्ट दिसली : डोक्यातली टोचणी जायला काम पूर्ण व्हावंच लागत नाही, ते कधी आणि कसं करणार याची नेमकी योजना केली तरी पुरतं. २०१८ मध्ये अमेरिकेत स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुण मंडळींना झोपेच्या प्रयोगशाळेत झोपवलं. निम्म्यांनी आधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. झेरॉक्सवाल्याची पायरी अगदी बरोबर आहे.

आमच्याकडे मानहाइम विद्यापीठात झाबिने झोनेनटाग या बाई आहेत. त्यांचा सगळा अभ्यासच कामानंतर माणूस पूर्ववत कसा होतो यावर. २००७ मध्ये त्यांनी आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी चार गोष्टी वेगळ्या काढल्या : कामापासून मनाने सुटणं, सैलावणं, काहीतरी नवं शिकण्यात रमणं, आणि आपला वेळ कसा घालवायचा हे आपल्या हातात असणं. ताईंच्या बाकावर मला यातली चौथी जास्त दिसते. सव्वा तासाचा प्रवास उपयोगी पडत नाही आणि वीस मिनिटं पडतात, कारण ती वीस मिनिटं त्यांनी स्वतः घेतलीत.

जर्मनमध्ये कामाचा दिवस संपण्याला ‘फायरआबेंड’ असा शब्दच आहे. ऑफिसातून निघताना एकमेकांना तशा शुभेच्छा देतात. आणि कायद्याने कामाच्या दोन दिवसांमध्ये सलग ११ तास विश्रांती लागते. मी इथे आलो तेव्हा सुरुवातीला रात्री नऊला मेल टाकायचो, तर बॉसने बोलावून विचारलं, घरी काही अडचण आहे का?

बाकावरची

तुमचे अकरा तास वाचून हिशोब केला. बँकेतून सव्वासहाला निघते, सकाळी नऊच्या सुमाराला पोचते. म्हणजे बँकेच्या बाजूने कायदा व्यवस्थित पाळला जातोय. स्वयंपाकघरातून साडेदहाला सुटते आणि पाचला हजर. तिथे साडेसहाच भरतात. त्याची तक्रार मानहाइमला करायची की कुठे?

(राग नाही हो. चांगलं लिहिलंत. चौथी गोष्ट वाचून थोडा वेळ गप्प बसले.)

स्पष्ट_बोलतो

स्टेशनवर बसण्यासाठी १९२७पासून संशोधन चालू आहे हे माहीत नव्हतं. माझे तेहतीस तास मागे घेतो.

डाऊन_फास्ट

मी लोकलवर मोटरमन होतो. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, आता गुहागर तालुक्यात गावी असतो. ताई, तुमची बदलापूर मी किती वेळा नेली असेल त्याचा हिशोब नाही. तुम्ही मागे डब्यात मेथी निवडत असाल.

कॅबिनमध्ये मोटरमन एकटा. गार्ड बारा डबे मागे, आमचं बोलणं घंटीवर. मास्टर कंट्रोलरची मूठ गाडी चालू असताना दाबून धरावी लागते. डेड मॅन्स हँडल म्हणतात. माणूस बेशुद्ध पडला, मेला, हात सुटला तर ब्रेक आपोआप लागावेत म्हणून. योजना उत्तम आहे, हजारो जीव मागे असतात. पण वर्षानुवर्षं दाबून धरलेला हात घरी आल्यावर सुटत नाही. मी जेवायला बसायचो आणि एक हात मांडीवर मुठीत. बायको एकेक बोट उघडून द्यायची. झोपेत चादर धरून ठेवायचो.

आणि रुळावर माणसं येतात. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की ब्रेक मारला तरी गाडी जागच्या जागी उभी राहत नाही, आणि त्या मधल्या वेळात भोंगा दाबण्यापलीकडे करण्यासारखं काही नसतं. पहिल्यांदा झालं त्या रात्री घरी आलो, काही बोललो नाही. बायको विळीवर नारळ खवत होती. मी म्हटलं, दे इकडे. तिला वाटलं थट्टा करतोय. मी पाटावर बसलो आणि अख्खा नारळ खवला. मग दुसरा मागितला.

नारळाची कवड मुठीत धरून चालत नाही. तळव्यात घेऊन फिरवत राहावी लागते, बोटं मोकळी ठेवून. आणि लक्ष हललं की विळीचं तोंड बोटात घुसतं, म्हणून दुसरीकडे बघता येत नाही, आठवता येत नाही. अर्ध्या तासाने माझा हात उघडा होता हे बायकोनेच दाखवलं.

त्यानंतर ड्युटीवरून आलो की नारळ. आमच्याकडे रोज सोलकढी व्हायला लागली. पोह्यांवर खोबरं, आमटीत खोबरं, नुसतं वाटीत खोबरं. चाळीत बोलायचे, ह्याला पगार नारळात मिळतो. डॉक्टरने कोलेस्टेरॉल दाखवल्यावर बायको खवलेलं सगळं शेजारी वाटायला लागली, पण मला खवू दिलं.

तुम्हाला नारळ खवा असं सांगत नाही. तुम्ही दिवसभर मोजता, तर तुमच्या हाताला असं काहीतरी द्या की जे मोजता येत नाही. ती मेथी बरी आहे. मेथीची पानं कुणी मोजत नाही.

तिसरी_पाळी

काका, तुमचं वाचून किचनमध्ये जाऊन उगाच पाणी पिऊन आले.

नवी_पेठ_खोली_४

मी सगळ्यांत लहान असेन इथे. बीडहून पुण्यात एमपीएससीसाठी आलोय, तिसरं वर्ष. नोकरी नाही त्यामुळे थकायचा हक्क आहे की नाही माहीत नाही, पण अभ्यासिकेत बारा तास बसल्यावर खोलीवर जावंसं वाटत नाही. खोलीत चौघं, चौघंही तेच वाचतात, आणि जेवताना राज्यघटनेची कलमं एकमेकांना विचारतात.

रात्री नवी पेठेतून चालत डेक्कनला झेड ब्रिजवर जातो. पुलावर सगळी जोडपी, मी एकटाच. कठड्याला टेकून उभा राहतो. खाली नदीकाठच्या रस्त्याने गाड्या जातात. रोज घरी फोन करायचो, तो आता एक दिवसाआड करतो, कारण आई ‘अभ्यास कसा चाललाय’ हेच विचारते आणि मग चालून आलेलं सगळं वाया. एकदा तिला म्हटलं, आज फक्त म्हशीचं सांग. तिने पंधरा मिनिटं म्हशीचं सांगितलं. ती रात्र छान गेली. आता फोन लागला की तीच म्हणते, आधी म्हशीचं सांगू का?

वसुधा_६८

सगळं वाचलं. मोटरमन भाऊंना नमस्कार.

धागाकर्तीला एक विचारते, राग मानू नये. एवढं सविस्तर लिहिलंत. जांभळाची टोपली आली, मेथी आली, जर्मनीपर्यंत जाऊन आलो. तुमच्या सासूबाई दिवसभर काय करतात हे कुठेच आलं नाही. त्या फक्त टीव्ही बंद करण्यापुरत्या आल्यात.

बाकावरची

वसुधाताई, सासूबाई घरीच असतात. तब्येत चांगली आहे. त्यांना कामाचा काही त्रास नाही, पोळ्यासुद्धा मीच येऊन करते.

वसुधा_६८

बरं.

बाकावरची (नऊ दिवसांनी)

त्या ‘बरं’वर मी दोन दिवस चिडून होते. आता जे झालं ते लिहिते.

खोटं पकडलं गेलं. मुलाच्या फोनमध्ये एम-इंडिकेटर आहे, लोकल कुठे आहे ते कळतं ते ॲप. गुरुवारी मी आत पाऊल टाकलं आणि नेहमीचं वाक्य टाकलं, तर हा पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, “आज तर राइट टायमाला होती. कालपण होती.” सासूबाई समोर. मी चप्पल काढता काढता तशीच उभी. मग सांगून टाकलं. बाक, पंखा, वीस मिनिटं, सगळं. पाच हजारांचंही सांगितलं, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. जेवणं झाली, भांडी घासून झाली. मी ओटा पुसत होते तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तू बसतेस त्याचं मला काही नाही. पण मी आठला दाराकडे डोळे लावून बसते ते कशाला, ते तुला माहीत आहे का?”

मला माहीत नव्हतं. चौदा वर्षं एका घरात राहतोय.

आमच्या बिल्डिंगखाली कट्टा आहे. पाच-सहा आज्या संध्याकाळी तिथे बसतात, साडेआठला उठतात. सासूबाईंना मी आल्याशिवाय खाली जाता येत नाही, कारण नवरा रात्रपाळीचा असेल तर निघण्यापूर्वी त्याला उठवून चहा आणि डबा द्यायचा, मुलगा क्लासवरून भुकेला येतो त्याला काहीतरी गरम करून द्यायचं, आणि दोघांपैकी कुणीही किल्ली घेऊन जात नाही. दिवसभर नवरा झोपलाय म्हणून टीव्ही मुका, बेल वाजायच्या आत दार उघडायचं, पाणी आलं की पिंप भरायचं. पूर्वी मी सव्वाआठच्या आत घरी असायचे, त्यांना पंधरा मिनिटं तरी कट्टा मिळायचा. जूनपासून त्या चप्पल घालून खाली पोचतात तेव्हा बायका पदर झटकून उठत असतात. “चार महिने मला कोण आजारी आहे ते कळत नाही, कुणाच्या नातवाचं जमलं ते कळत नाही,” म्हणाल्या. “मला वाटलं गाडीच लेट, तर तुझ्यावर काय चिडायचं.”

जूनपासून मी गाडीत उभी राहून चेहरे आठवतेय, कुणाच्या हातात जास्तीच्या दहा नोटा गेल्या म्हणून. आणि ही माझी रोजची वीस मिनिटं कुणाच्या ड्रॉवरमधून जातायत ते बघितलंच नाही. वसुधाताई, तुमचं ‘बरं’ मान्य.

मग त्या रात्री आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून भांडलो नाही, पण गोडही बोललो नाही. व्यवहाराचं बोललो. मी म्हटलं, बाक सोडणार नाही. त्या म्हणाल्या, कट्टा मला हवा. तेवढ्यात दहावीवाला पाणी प्यायला आला आणि दोघींनी एकदमच त्याच्याकडे बघितलं.

तर आता किल्ल्या तीन करून घेतल्यात. नवरा गजर लावून स्वतः उठतो, त्याला तो येतो असं आढळलंय. चहाही येतो. सासूबाई साडेसातला खाली. मी सव्वाआठपर्यंत बाकावर, हल्ली तिकीट खिडकीच्या बाजूच्या उजेडातल्या. पर्समध्ये कॅलेंडरच्या पानाचे तुकडे ठेवलेत. पहिल्याच दिवशी त्यावर लिहिलं : ‘मंगळवार, ५०००, हिरवी साडी, पिशवी. सापडले नाहीत.’ खाली काय योजना लिहायची ते सुचेना, तर तारीख घालून माझीच सही केली. काका, डब्यात मेथी मागून घेते आता, ओढणी आधीच पसरून ठेवते.

आणि मुलगा कुकर लावतो. आजीने तांदूळ धुऊन, पाण्याचं माप सांगून ठेवलेलं असतं. तीन शिट्ट्यांवर बंद करायचा एवढंच त्याचं काम. काल कानात हेडफोन होते. आजीने खाली कट्ट्यावरून सात मोजल्या. ती वर यायला निघाली, तर बाकीच्या म्हणाल्या, बसा हो, भातच आहे. ती बसली.

भाताची पेज झाली होती. मेतकूट घालून खाल्ली.